वाट दिसेपर्यंत

पहाटे साडेतीनला लेकीच्या फ्लॅटचं दार ओढून घेतलं, तेव्हा चौदाव्या मजल्यावरच्या उघड्या पॅसेजमध्येही धुकं येऊन बसलेलं होतं. लिफ्टसमोरच्या दिव्याभोवती त्याचा पिंजलेल्या कापसासारखा गोळा झाला होता. लेकीनं माझ्या हातातली बॅग काढून घेतली, स्वतःचा मफलर माझ्या गळ्याभोवती गुंडाळला आणि म्हणाली, "आई, आज तुझं विमान वेळेवर सुटलं ना, तर हजार रुपये देईन तुला." डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता आणि पैज लावणारीनं दिल्लीत चार हिवाळे काढले होते. मी पैज घेतली नाही.

गुरुग्रामहून विमानतळापर्यंतचा रस्ता एरवी अर्ध्या तासाचा. त्या पहाटे त्याला सव्वा तास लागला. टॅक्सीवाल्यानं नाक काचेला टेकवायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. पुढं एक ट्रक होता. त्याचे मागचे दोन लाल दिवे तेवढे दिसत होते आणि आमची सगळी भिस्त त्या दोन दिव्यांवर होती. "आगेवाला नाले में गया तो हम भी जाएँगे, मैडम," तो शांतपणे म्हणाला. लेक हसली. मला हसू आलं नाही, कारण माझ्या मनात परतीचा हिशोब चालला होता. मला सोडून ही पोरगी याच धुक्यातून एकटी मागं जाणार होती.

विमानतळाच्या दारात तिकीट नसलेल्या माणसाची हद्द संपते. पूर्वी स्टेशनवर फलाटाचं तिकीट काढून गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभं राहता यायचं, गाडीबरोबर चार पावलं चालता यायचं, शेवटची सूचना ओरडून सांगता यायची. इथं जवान ओळखपत्र पाहतो, चेहरा पाहतो आणि माणसाला आत घेतो. मी "येते गं" म्हटलं. निघताना 'जाते' म्हणायची आपल्याकडं चाल नाही. "पोचलीस की कळव," हे मात्र आम्ही दोघी एकदमच बोललो. आत शिरून काचेतून मागं पाहिलं, तर चार पावलांवर ती दिसेनाशी झाली होती.

माझं पुण्याचं विमान सात दहाचं. सुरक्षा तपासणी उरकून मी गेटपाशी पोचले तेव्हा पाटीवर त्याच्यापुढं आठ वाजलेले होते. थोड्या वेळानं आठाचे पावणेनऊ झाले, पावणेनऊचे दहा. उशीर कुणी एकरकमी सांगत नाही. तो हप्त्याहप्त्यानं वसूल होतो आणि दर हप्त्याला माणूस नव्यानं आशा धरतो. बाटली भरून आणतो, चपला पायात सरकवतो, बॅगेची चेन लावतो, आणि पुन्हा उघडतो. 'एक वाजता या' असं कुणी पहिल्यालाच सांगितलं असतं, तर मी तिथंच मफलर उशाला घेऊन आडवी झाले असते.

पाटी आलटून पालटून हिंदी आणि इंग्रजी होत होती. हिंदी झाली की आमच्या विमानापुढं शब्द यायचा, 'विलंबित'. पुण्याच्या माणसाला हा शब्द डिसेंबरात दिसला की तो विमानाचा राहत नाही. भीमसेन जोशींनी १९५३ साली आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव याच महिन्यात होतो. त्या मांडवात आम्ही शालीत गुरफटून, भारतीय बैठकीवर मांडी बदलत, विलंबित एकतालात तासभर रमलेले असतो. तिथं एकेक मात्रा एवढी लांबते की दोन मात्रांमध्ये चहाचा घोट घेऊन व्हावा. तरीही कुणी उठून विचारत नाही, की बुवा, द्रुत कधी सुरू होणार? कारण आवर्तन कितीही लांबलं तरी सम कुठं आहे हे गवयालाही ठाऊक असतं, तबल्यालाही आणि मांडी घालून बसलेल्या आम्हालाही. तिच्यावर सगळे मिळून येतात आणि हजार माना एकदम हलतात. विमानतळावरचं विलंबित समेवाचून चाललेलं असतं. छळतो तो लांबलेला वेळ कमी, आणि त्याचं टोक न दिसणं जास्त.

सहा वाजून वीस मिनिटांनी लेकीचा मेसेज आला होता, 'पोचले'. सोबत तिच्या बाल्कनीतून काढलेला फोटो. फोटोत काहीही नव्हतं, नुसता करडा चौकोन. खाली तिनं लिहिलं होतं, 'तुझं विमान इथून दिसतं का बघणार होते.'

मग पुण्याहून आईचा फोन आला. आई त्र्याऐंशी वर्षांची. मी नऊ-साडेनऊला लोहगावला उतरणार, हे तिला कागदावर लिहून दिलेलं होतं.

"लागली का गाडी?"

आईच्या लेखी जे काही माणसांना घेऊन जातं ती गाडी, आणि ती फलाटाला 'लागते'.

"नाही अजून. धुकं आहे."

"घाटात?"

"दिल्लीला घाट कुठला, आई."

"मग धुकं कसलं?" ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. आमच्या माहितीतलं धुकं घाटातलंच. माझं लहानपण वाईतलं. आजीमुळं घर वाईला, आणि बाबा घाटापलीकडं पोलादपूरच्या शाळेत. शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की ते महाडकडून येणारी एसटी धरायचे. आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, मग पाचगणी, मग पसरणीचा घाट उतरून वाई. उन्हाळ्यात गाडी दिवेलागणीला येई. श्रावणात मात्र आठ वाजोत, नऊ वाजोत, तिचा पत्ता नसे. आई मला आणि कंदिलाला घेऊन स्टँडवर जायची. चौकशीच्या खिडकीतल्या कंट्रोलरला विचारलं की उत्तर ठरलेलं, "येईल तेव्हा येईल, वहिनी." त्याचा कुणाला राग यायचा नाही. वरून उतरलेल्या एखाद्या गाडीचा ड्रायव्हर खाली उडी मारता मारता सांगायचा, "महाड गाडी पाचगणीत बघितली." तेवढ्या एका वाक्यावर स्टँडवरची पंधरा माणसं पुढचा तासभर तग धरायची. 'वाट पाहीन पण एसटीनेच जाईन' हे लोक हसत म्हणायचे, पण त्यातला पहिला अर्धा भाग आमच्या घरात आई अक्षरशः जगत होती. स्टँडच्या तोंडाशी उभी राहून ती खरोखरच वाट पाहायची, म्हणजे रस्ता पाहायची. पसरणीच्या अंधारात वळणावळणानं खाली येणारे दोन दिवे शोधायची.

दिल्लीच्या गेटवर बसल्या बसल्या मला पहिल्यांदा जाणवलं, की इथं पाहायला वाटच नाही. फलाटावरून रूळ दिसतात, स्टँडवरून रस्ता दिसतो, आणि येणाऱ्याची दिशा तरी कळते. इथं काचेपलीकडं पांढरं आणि अलीकडं एक पाटी. वाट नसलेल्या ठिकाणी वाट पाहायची, म्हणून माणसं मोबाइल पाहतात.

त्या दिवशी माणसं तरी किती होती! नाताळच्या सुट्ट्या, सरत्या वर्षाची गर्दी. गोव्याला निघालेली पोरं स्वेटरवर उन्हाळी टोप्या घालून जमिनीवर बसली होती. कुणाची परीक्षा होती, कुणाचा साखरपुडा. आमच्या शेजारी मनालीहून परतणारी एका टूरची मराठी मंडळी होती. सगळ्यांच्या खांद्याला एकाच रंगाच्या बॅगा, आणि 'सकाळी सहाला उठा, सातला नाश्ता, आठला गाडीत' या आठवड्याच्या शिस्तीतून अजून बाहेर न आलेले चेहरे. तासाभरात त्यांच्यातल्या काकूंनी डबे उघडले, दोन तासांत गाण्याच्या भेंड्या सुरू झाल्या. 'ठ'वर अडलेल्या संघाला एका अनोळखी सरदारजींनी हिंदीतून मदत केली आणि ती ग्राह्य धरावी की नाही यावर रीतसर वाद झाला. एका गृहस्थांच्या रक्तदाबाच्या गोळ्या चेक-इन केलेल्या बॅगेत गेल्या होत्या. त्यांच्या सौभाग्यवतींनी त्यावर जे काही सुनावलं, त्यानं त्यांचा रक्तदाब गोळीविना कसा उतरला असेल देव जाणे. मी माझ्या पर्समधली डबी चाचपून पाहिली. औषधं, चार्जर, एक शाल, एक वेळची शिदोरी एवढं हाताशी असलं की उशीर अर्धा होतो. उरलेल्या अर्ध्यावर उपाय नाही.

शिदोरी माझ्याकडं होती. लेकीनं भल्या पहाटे उठून थालीपिठं लावली होती. एक कडेनं करपलं होतं. तेच आधी खाल्लं.

नऊच्या पुढं काउंटरवर आवाज चढायला लागला. टूरमधले एक काका टेबलावर हात आपटून विचारत होते, "हमको काय येडा समझता है क्या? किती वाजता सुटणार, ते एकदा सांगून टाको!" काउंटरवरची मुलगी लेकीच्याच वयाची. ती दर खेपेला तेच वाक्य त्याच सुरात म्हणत होती, "सर, ए.टी.सी. से क्लिअरन्स नहीं मिला." मग नाश्त्याची खोकी आली. आपल्याकडच्या नागरी विमान वाहतुकीच्या नियमांत हे सगळं लिहिलेलं आहे. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तासांहून जास्त उशीर झाला, तर कंपनीनं खायला-प्यायला द्यायचं. सहा तासांच्या वर गेलं, तर दुसरं विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे, यांतलं प्रवासी मागेल ते. रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यान सुटणारं विमान सहा तासांहून अधिक रखडलं, तर हॉटेलची सोय. हवामानामुळं उशीर झाला असेल, तर वर भरपाई मात्र मिळत नाही. धुक्यावर दावा लावता येत नाही. काकांना हे सगळं पाठ होतं. सँडविच खाऊन ते पुन्हा टेबलाकडं गेले, तेव्हा मात्र ती मुलगी तिथं नव्हती. खांबाआड उभं राहून ती बिस्किटाचा पुडा फोडत होती. काकांनी तिला पाहिलं, घुटमळले, आणि उगाच पाण्याच्या मशीनकडं निघून गेले.

माझ्या डाव्या हाताला गणवेशातला एक तरुण बसला होता. खांद्यावर तीन पट्ट्या, मांडीवर टोपी, हातात चण्याची पुडी. माझा आईशी दुसरा फोन झाला ("लागली का?" "नाही गं.") तसा तो हसून म्हणाला, "काकू, पुण्याच्या का?" तो मूळचा कराडचा, सहवैमानिक. पुण्याला जाऊन तिथून दुपारचं विमान न्यायचं होतं त्याला. "आता मीच इथं अडकलोय म्हटल्यावर त्या विमानालाही उशीर. आणि आपलं हे विमान तरी कुठं आलंय? ते लखनौला उभं आहे, तिथंही धुकंच." एकेक विमान दिवसाला पाच-सहा फेऱ्या मारतं, त्यामुळं सकाळी उत्तरेत अडकलेला खोळंबा संध्याकाळपर्यंत कोईमतूरच्या लख्ख उन्हातही पोचतो, असं त्यानं सांगितलं. शिवाय वैमानिकांच्या कामाच्या तासांना मर्यादा असते. फार थांबावं लागलं की विमान असतं, हवा असते, पण चालवणाऱ्याची वेळ संपलेली असते. "लोक चिडतात, पण झोपाळलेल्या ड्रायव्हरच्या एसटीत तुम्ही बसाल का?" मी म्हटलं, "बसलेय की, नाइलाजानं."

मग मी त्याला मघापासून मनात असलेलं विचारलं. काचेपलीकडं काही दिसत नव्हतं, पण मधूनच एखादं विमान उतरल्याचा घरघराट येत होता. उतरणाऱ्यांना चालतं, मग आम्हालाच का नाही?

त्यानं चण्याची पुडी बाजूला ठेवली. "इथली सगळ्यात लांब धावपट्टी ४,४३० मीटर. तिच्यातली पन्नास मीटर दिसली, तरी उतरता येतं. जमिनीवरून दोन अदृश्य रेघा वर सोडलेल्या असतात, रेडिओ लहरींच्या. एक सांगते डावीकडं-उजवीकडं, दुसरी सांगते वर-खाली. त्या धरून विमान आपलं आपण खाली येतं. तशी यंत्रणा विमानात पाहिजे, धावपट्टीला पाहिजे आणि आमचं प्रशिक्षण झालेलं पाहिजे. पण निघायचं असेल तर सव्वाशे मीटर दिसावे लागतात."

"निघायला जास्त?"

"उतरताना विमान उतरतं, काकू. निघताना आम्हाला निघावं लागतं. तेव्हा सगळं डोळ्यांवर आणि हातावर. मधल्या रेषेचे दिवे बघत सरळ धावायचं, आणि काही बिनसलं तर त्याच रेषेवर थांबायचं. त्यासाठी पुढचं दिसायला हवं."

तो हे यंत्राविषयी बोलत होता. मला मात्र चार पावलांत धुक्यात विरघळलेला मफलरवाचूनचा गळा दिसत होता. घरी पोचायला माणसाला फारसं दिसावं लागत नाही. वाईचा आमचा बोळ मी डोळे मिटून चालू शकले असते. पाय जागा ओळखतात, तिसरी पायरी उंच आहे हे गुडघ्याला ठाऊक असतं. कुणीतरी आतून अदृश्य रेघ सोडलेली असते आणि माणूस ती धरून उतरतो. निघणं हे उघड्या डोळ्यांनी, स्वतःच्या हातांनी करायचं काम. पुढचं थोडं जास्त दिसल्याशिवाय ते होत नाही. लेक चार वर्षांपूर्वी पुण्याहून निघाली, तेव्हा तिला पुढचं किती मीटर दिसत होतं, मला माहीत नाही. मला काहीच दिसत नव्हतं, एवढं आठवतं.

"पण किती मीटर दिसतंय, हे ठरवतं कोण?" मी विचारलं.

"धावपट्टीच्या कडेला यंत्रं असतात. एका खांबावर दिवा, थोड्या अंतरावर दुसऱ्या खांबावर डोळा. दिव्याचा उजेड डोळ्यापर्यंत किती पोचतो, त्यावरून हिशोब. सुरुवातीला एक, मध्ये एक, शेवटी एक."

म्हणजे एका टोकाला दिवा आणि दुसऱ्या टोकाला डोळा. आईचीच रीत, मी मनात म्हटलं.

आईला द्यायचं उत्तरही मला त्या सकाळी सापडलं. घाटाशिवाय धुकं असतं. घाटातलं धुकं म्हणजे डोंगराला टेकलेला पावसाळी ढगच. तो वाऱ्यावर येतो, वाऱ्यावर जातो. दिल्लीचं धुकं जमिनीचं. हिवाळ्याच्या निरभ्र, निवांत रात्री जमीन दिवसाची ऊब आभाळात सोडून देते आणि गार पडते. तिच्यालगतची ओलसर हवा गारठते आणि वारा नसला की जागच्या जागी थिजते. एखादा पश्चिमी विक्षोभ पाऊस शिंपडून गेला असेल, तर ओल आणखी वाढते. शहराचा धूर आणि धूळ थेंबाला धरायला कण पुरवतात. पंजाबापासून पार बिहार-बंगालपर्यंत मैदानावर अशी एकच पांढरी गोधडी पसरते. गंमत म्हणजे या गोधडीची वीण उकलायला बसलेत पुण्याचे लोक. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं २०१५ च्या हिवाळ्यापासून याच विमानतळावर उपकरणं मांडून धुक्याचा अभ्यास चालवला आहे. धुकं केव्हा धरणार आणि केव्हा विरणार, हे काही तास आधी सांगता यावं यासाठी. दिल्लीचं न दिसणं मोजायला पाषाणहून माणसं येतात, हे कळल्यावर मला उगीचच घरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं.

साडेअकराच्या सुमाराला काचेपलीकडं आधी एक शिडी उमटली, मग एक चाक, मग एका विमानाचं नाक. छापखान्यात कागदावर चित्र उमटावं तसं. भेंड्यांचा आवाज आपोआप थांबला. पाटीवर वेळ आली ती या खेपेला हलली नाही. काउंटरवरच्या मुलीनं माइक उचलला आणि टूरच्या काकांनी सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या.

विमानात बसल्यावरही अर्धा-पाऊण तास गेला, कारण आमच्यासारखीच सकाळपासून थोपलेली विमानं पुढं रांगेत होती. धुकं विरळ झालं होतं, गेलं नव्हतं. माझी खिडकीची जागा. भरदुपारी जमिनीवरचे दिवे लागलेले होते, हिरवे, निळे, पांढरे. आणि तेवढ्यात पलीकडच्या वाटेवरून एक पिवळी जीप गेली. तिच्या टपावर दिवे होते आणि मागोमाग तिच्या पन्नासपट आकाराचं एक विमान, शाळेच्या सहलीतल्या मुलासारखं, गुमान चाललं होतं. नुकतंच उतरलेलं असावं. उतरलं खरं, पण पुढं कुठं जायचं ते त्याला दिसत नव्हतं.

मला आंबेनळीचा घाट आठवला. एका श्रावणात बाबा रात्री अकराला आले, चिंब होऊन. म्हणाले, घाटात हाताचं बोट दिसेना. ड्रायव्हरनं गाडी थांबवली. मग कंडक्टर बॅटरी घेऊन खाली उतरला आणि रस्त्याच्या मधोमध चालायला लागला. त्याच्या उजेडामागं एसटी. काही वळणं बाबाही त्याच्याबरोबर चालले, एकट्याला सोबत म्हणून. "त्या रात्री बस कंडक्टरच्या पायांनी आली," असं ते पुढं कितीतरी वर्षं सांगायचे. आई त्यावर दर वेळी तेच म्हणायची, "आणि माझा कंदील दहालाच विझला होता." तेल संपलं होतं, तरी आम्ही दोघी अंधारात उभ्या होतो. ही तक्रार होती की अभिमान, हे मला कधी कळलं नाही.

अडकलेला माणूस वाट पाहतो असं आपण म्हणतो, पण खरं तर तो खोळंबतो, ताटकळतो, चिडतो, सँडविच खातो. त्याला निदान पाटी असते, भेंड्या असतात, भांडायला काउंटर असतो. वाट पाहणारं माणूस दुसऱ्या टोकाला असतं. त्याच्यासाठी कुणी घोषणा करत नाही, की खेद व्यक्त करत नाही. आणि माझ्या वयाच्या बाईची गंमत अशी, की ती दोन्ही टोकांना एकदम असते. पहाटे मी लेकीच्या 'पोचले'ची वाट पाहत होते, आणि त्याच वेळी पुण्यात माझ्या 'पोचले'ची वाट पाहिली जात होती. कंदील हातातही होता आणि समोरही.

एक वाजून दहा मिनिटांनी विमान धावलं. खिडकीतून मधले दिवे दिसत नव्हते, पण पुढं बसलेल्यांना ते दिसत असणार, यावर विसंबून मी हात जोडले. जमीन सुटली आणि मोजून काही श्वासांत धुकं संपलं. वर इतकं ऊन होतं, की सगळ्यांनी डोळ्यांवर हात घेतले. म्हणजे सकाळपासून हे ऊन इथंच होतं. आमच्या डोक्यावर, फार तर पर्वतीएवढ्या उंचीवर. खाली त्या पांढऱ्या गोधडीखाली कुठंतरी चौदावा मजला होता आणि बाल्कनीत कुणी उभं असेल, तर तिला फक्त आवाज ऐकू येणार होता.

लोहगाव हे तुकोबांचं आजोळ, असं सांगतात. पुण्याला विमान उतरतं ते त्या आजोळच्या माळावर. दिल्लीच्या मानानं तिथली हवा इतकी स्वच्छ होती, की उतरताना शेतातली माणसं, टेकडीवरच्या पायवाटा, वीटभट्टीचा धूर, सगळं निराळं निराळं दिसत होतं. एवढं दिसायची खरं तर गरज नव्हती. सहवैमानिकानं वरची बॅग काढून दिली, "येतो काकू" म्हणाला आणि धावत सुटला. त्याचं विमान त्याच्यासाठी थांबलेलं होतं. पट्ट्यापाशी टूरच्या मंडळींनी एकमेकांचे नंबर घेतले. सौभाग्यवतींनी बॅग उघडून तिथल्या तिथं गोळी दिली. मी लेकीला लिहिलं, 'पोचले.' उत्तर लगेच आलं, 'हजार रुपये वाचले!'

विमाननगरपासून कर्वेनगरपर्यंत यायला आणखी दीड तास गेला. तो काही धुक्याचा दोष नव्हता. पाचच्या सुमाराला रिक्षा सोसायटीत वळली, तेव्हा ऊन अजून भिंतींवर होतं आणि दुसऱ्या मजल्यावर आमच्या गॅलरीतला दिवा जळत होता. त्या उन्हात तो दिसतही नव्हता धड. सकाळी अंधारात पहिला फोन केला, तेव्हा आईनं लावला असणार.

आई खुर्चीतच होती, रस्त्याकडं तोंड करून. "भात लावते," म्हणाली, आणि काठी घेऊन उठली. मी पाणी प्यायले. तिच्यामागून आत जाताना गॅलरीच्या बटणाकडं हात नेला.

"राहू दे," ती न वळताच म्हणाली. "ती कुठं आलीय अजून ऑफिसातून? धुकं आहे ना तिथं?"